घाटाखालची हवा

मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या स्पोर्ट्‌स कारपैकी निम्म्याहून जास्त गाड्यांना काहीही झालेलं नसतं. मालक मात्र छातीठोकपणे सांगत असतो की काहीतरी नक्की बिघडलंय. पिकअप राहिला नाही. नागपूर सोडलं तेव्हा नुसता पाय ठेवला की पळत होती, आता दाबून धरली तरी उचलत नाही. एवढे पैसे मोजले आणि डोळ्यांदेखत एक इनोव्हा पुढे निघून गेली. हे शेवटचं दुःख सगळ्यांत मोठं. मी ऐकून घेतो, स्कॅनर लावतो, गाडी एक फेरी चालवून आणतो आणि मग त्यांना अजिबात ऐकायची नसलेली गोष्ट सांगतो : गाडी ठीक आहे, हवा ठीक नाही.

"म्हणजे टायरमधली?"

"नाही साहेब, बाहेरची."

माझं वर्कशॉप मेहकरला, समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजपासून जवळ आहे. हा रस्ता होण्याआधी मेहकरात दोन दारांची गाडी आली असती तर शाळा सुटल्यासारखी पोरं गोळा झाली असती. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा उघडला, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्यातला बराच मोठा पट्टा बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. ज्या गाड्या आम्ही फक्त मोबाईलवर पाहत होतो त्या आता इथून रोज जातात आणि त्यातली एखादी थांबते. नागपूरचे डॉक्टर, संभाजीनगरचे कारखानदार, मुंबईहून लग्नाला निघालेली पोरं. बोलेरो, पिकअप आणि ट्रॅक्टर हे माझं पोट भरतात. या गाड्या माझी हौस भागवतात. पुण्यात परदेशी गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढल्यामुळे स्कॅनर आणि त्याचं पाठांतर माझ्याकडे आहे, आणि जवळपास दुसरं कुणी नाही, म्हणून फोन मलाच येतो.

मूळचा मी खामगावचा, म्हणजे घाटाखालचा. आमच्या जिल्ह्यात माणूस भेटला की जातीआधी हे विचारतात : घाटावरचा की घाटाखालचा? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर. खालच्यावर मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, खामगाव तीनशेच्या. वरच्यांनी खालच्यांच्या उन्हाची कीव करायची आणि खालच्यांनी वरच्यांच्या पाण्याच्या टंचाईची, अशी जुनी वाटणी आहे. या दोन मजल्यांचा गाडीच्या इंजिनाशी संबंध आहे, आणि तो लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. तिकडे येतोच.

उन्हाने गाडी मरते हे मला आयटीआयने नाही, खामगावच्या उस्तादाने शिकवलं. तेव्हा कार्ब्युरेटरच्या गाड्या शिल्लक होत्या : अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, मॅटाडोर. दुपारी लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली अ‍ॅम्बेसेडर शेगाव रस्त्यावर बंद पडायची, आणि मग चालक अर्धा तास सेल्फ मारून बॅटरीही उतरवायचा. उस्ताद जायचा, बॉनेट उघडायचा, फ्युएल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचा आणि झाडाखाली बसून बिडी ओढायचा. बिडी संपली की गाडी चालू. पेट्रोलची नळी तापली की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलायला बनलेला असतो, त्याला वाफ ढकलता येत नाही. वेपर लॉक. वऱ्हाडातल्या कितीतरी गाड्या तेव्हा पंपाभोवती फडकं बांधूनच फिरायच्या. आता पंप पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो, नळीत दाब भरपूर असतो, त्यामुळे तो आजार गेला. उन्हाने फक्त जागा बदलली. पूर्वी ते पेट्रोलच्या वाटेवर बसायचं, आता हवेच्या वाटेवर बसतं.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण पेट्रोल हा त्यातला छोटा भाग आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. तीन लिटरचं इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला नऊ हजार लिटर हवा ओढतं, तेही टर्बो नसताना. हवा लिटरने ओढली जाते पण जळण किलोने होतं, आणि इथेच मे महिना मध्ये येतो. गरम हवा फुगते. तेवढ्याच लिटरमध्ये वजन कमी भरतं.

ब्रोशरवर जो बीएचपीचा आकडा छापलेला असतो तो कुठल्या हवेतला असतो हे गाडी घेताना कुणी विचारत नाही. इंजिन मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे तिच्यात मोजणी कुठल्याही दिवशी करा, शेवटी आकडा २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल दाब या हवेला धरून दुरुस्त करून लिहायचा असतो. त्या हवेचं वजन घनमीटरला १.१६ किलोच्या आसपास भरतं. आता खामगावची मे महिन्यातली दुपार घ्या, ४४ अंश. हिशेब केला तर वजन येतं १.०७ किलो. सात-आठ टक्के हवा गाडीत शिरायच्या आधीच गायब. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद याच दिशेने उतरते, अगदी त्याच प्रमाणात नसली तरी. म्हणजे ब्रोशरमधले ते घोडे पंचवीस अंशांच्या गोठ्यातले आहेत. खामगावच्या बाजारात ते त्या भावाने मिळायचे नाहीत, यात कंपनीने फसवलेलं काही नाही.

पण हल्ली बहुतेक स्पोर्ट्‌स कारना टर्बो असतो, आणि टर्बोवाले मालक हे ऐकून हसतात. त्यांचं म्हणणं असं की हवा पातळ असली तर टर्बो जास्त दाबेल. दाबतो, खरं आहे. काही मर्यादेपर्यंत भरपाईही करतो. फक्त दाबताना हवा तापते, सायकलचा पंप मारताना खालचं टोक तापतं तशी. हवा दुप्पट दाबली तर २५ अंशांची १२० च्या घरात जाते. ४४ अंशांची १४० ओलांडते. ही भाजलेली हवा थंड करायला इंटरकूलर असतो, पण तोही बाहेरच्याच हवेने थंड होणार. बाहेर ४४, खाली समृद्धीचं तापलेलं काँक्रीट, पुढे ट्रकचा धूर. इंटरकूलरने किती करावं?

मागे एकदा नवतप्यात एक निळी दोन सीटांची गाडी आली. २५ मेला नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत आम्ही पाने उन्हात ठेवत नाही, कारण उचलताना तळहात भाजतो. मालक तिशीतला, गाडीचं इंजिन सीटच्या मागे, टर्बो. तो ढाब्यावर जेवायला थांबला होता, गाडी उन्हात. जेवून निघाला, हायवेवर चढवताना पाय दाबला आणि गाडीने मानच टाकली. घाबरून तो परत फिरला आणि माझ्याकडे आला. दिवा एकही पेटलेला नव्हता. कूलंटचा काटा बरोबर मधोमध.

त्या काट्याबद्दल आधी सांगतो, कारण लोकांचा त्याच्यावर फार विश्वास. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. कूलंट ऐंशी असो की एकशेपाच, काटा मधेच उभा. थोडं वरखाली झालं की माणसं घाबरतात आणि सर्व्हिस सेंटरला फोन करतात, म्हणून. शिवाय तो सांगतो पाण्याचं. इंजिन ताकद कुठून ठरवतं, तर आत येणाऱ्या हवेच्या तापमानावरून, आणि त्या तापमानाचा काटा डॅशबोर्डवर सहसा नसतोच. तो स्कॅनरमध्ये बघावा लागतो.

मी मालकाला शेजारी बसवलं, लॅपटॉप त्याच्या मांडीवर दिला आणि कुठल्या तीन ओळी बघायच्या ते दाखवलं. बाहेरचं तापमान ४४. मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान ७८. इंजिन बंद होऊन ऊन खात उभं राहिलं की थोड्या वेळाने कूलंट फिरायचं थांबतं, हवा हलत नाही, आणि शंभर अंशांचं लोखंड-अ‍ॅल्युमिनियम आजूबाजूच्या प्रत्येक नळीला, प्रत्येक डब्याला आपली उष्णता वाटत बसतं. त्यात गाडी मागे इंजिनवाली, वरून सूर्य. तिसरी ओळ होती स्पार्कची वेळ. बाहेर काढून जरा पाय दाबला, आणि तिसऱ्या सिलिंडरचा आकडा सहा अंश मागे सरकला.

"हे लाल काय झालं?" तो ओरडला.

"ती गाडी स्वतःला वाचवतेय."

झालं असं की सिलिंडरमध्ये पेट्रोल स्पार्कप्लगपासून सुरू होऊन कडेपर्यंत शिस्तीत जळत जायला हवं. आत येणारी हवा आधीच तापलेली असली तर कोपऱ्यातलं मिश्रण स्पार्कची ज्योत पोचण्याआधी आपणहून पेट घेतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. जुन्या गाडीत हे ऐकू यायचं. घाट चढताना इंजिन टकटक करायला लागलं की उस्ताद कानानेच सांगायचा, टायमिंग पुढे आहे. आता ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, तो माणसाच्या कानाच्या कितीतरी आधी ऐकतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लगेच स्पार्क उशिरा देतो, टर्बोचा दाब उतरवतो, गरज पडली तर थोडं जास्त पेट्रोल सोडून आतली उष्णता मारतो. या तिन्हींनी इंजिन वाचतं. पहिल्या दोहोंनी ताकद जाते, तिसऱ्याने अ‍ॅव्हरेज. मालकाला जाणवतं ते एवढंच की गाडी मेली.

मग मी शंभरच्या सरळ वेगाने गाडी चालवत राहिलो, पाय न बदलता. ७८ चे ७० झाले, मग ६३, मग ५६ वर येऊन थांबले. त्याच्या खाली त्या दुपारी ते जाणार नव्हते. आता पाय दाबला तर गाडी उठली. स्पार्कचा आकडा अर्धा-पाऊण अंश हलला, बस. मालक लॅपटॉपमधून मान वर काढून म्हणाला, "तुम्ही काय केलं?" काहीच केलं नव्हतं. परत आल्यावर त्याने पैसे विचारले तेव्हा माझी पंचाईत झाली. वेळेचे घेतले. चहा त्याने पाजला.

असं असलं तरी प्रत्येक गरम गाडीला "हवामान" म्हणून हाकलून दिलं तर धंदा बंद करायची वेळ येईल, कारण खरा बिघाडही याच दिवसांत उघडा पडतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर फेकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट शंभर, हवा पंचवीस, तर फरक पंचाहत्तरचा. हवा पंचेचाळीस झाली की फरक उरतो पंचावन्न. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण काम पाऊण पटीहूनही कमी होतं. जानेवारीत ज्या गाडीचा एक तृतीयांश रेडिएटर बुजलेला असतो तिला काही कळत नाही. मेमध्ये त्याच गाडीला श्वास पुरत नाही.

आणि आमच्याकडे रेडिएटर बुजायला कारण शोधावं लागत नाही. स्पोर्ट्‌स कारचं नाक जमिनीला टेकलेलं, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत तोंडं उघडी, काही गाड्यांत त्या तोंडांच्या आत चाकांच्या पुढे एकेक छोटा रेडिएटर. रस्त्यावर जे उडतं ते थेट तिथे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू निघतो, थ्रेशर चालतात, कुटार उडतं. त्याआधी कापूस, खामगाव कापसाची जुनी बाजारपेठ, जिनिंगच्या आजूबाजूचा रस्ता कडेने पांढरा असतो. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण सगळं जाऊन बसतं आत, एसीचा कंडेन्सर आणि कूलंटचा रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. तिथे बघायला बंपर काढावा लागतो.

लोणार बघून परतणाऱ्या एका कुटुंबाची गाडी अशीच आली होती. हायवेला ठीक, गावात शिरली की कूलंट ११० च्या वर आणि एसी आपोआप बंद. वेगात असताना वारा रेटून आत शिरतो, म्हणून चाललं. हळू झाली की सगळा भार पंख्यावर, आणि पंखा गोधडीतून हवा ओढतोय. आम्ही बंपर उतरवला, कंडेन्सरचे स्क्रू सोडून तो दोन बोटं पुढे झुकवला आणि टॉर्च मारला. माझा पोऱ्या वाकून बघत म्हणाला, "उस्ताद, याच्यात तं अख्खं खळं हाये!" कुटार, सरकीला चिकटलेला तंतू, वाळलेली पाकोळी, बाभळीची पानं, आणि या सगळ्याला कंडेन्सरमधून पाझरलेल्या तेलाने धरून ठेवलेलं. बोटाने ओढलं तर पापुद्रा निघाला, रुमालाएवढा.

हे साफ करायची रीत आहे. इथे लोक प्रेशर वॉशर घेऊन समोरून मारतात. त्याने घाण आणखी आत ठासली जाते आणि रेडिएटरच्या त्या कागदासारख्या पातळ पात्या आडव्या पडतात. एकदा पडल्या की तेवढा भाग कायमचा बंद. पाणी मागून पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने जाते, आणि जोर घरच्या नळीपेक्षा जास्त नको. आडव्या पात्या कंगव्याने एकेक सरळ करायच्या. या कामाला दुपार जाते आणि त्यात कौशल्य काही दिसत नाही, त्यामुळे पैसे मागताना जीभ अडते. पण उन्हाळ्यातल्या गाडीला याच्याइतका उपयोगी दुसरा खर्च मला माहीत नाही. संध्याकाळी मेहकरच्या बाजारातून फिरवून आणली, ९८ वर कूलंट, एसी चालू.

तर घाटाचं. लोकांचा पक्का समज असा की घाट चढून वर गेलं की हवा थंड, म्हणजे गाडीही जोरात. राजूर घाट चढून बुलढाण्यात शिरताना काचेतून आत येणारा वारा खरोखर हलका लागतो. खाली मोताळ्याला ४४ असेल तर वर ४० असेल. मीही हेच धरून चाललो असतो, पण एक जण पाच लिटरच्या व्ही-एट मस्टँगमध्ये मलकापूरहून आला आणि हटून बसला की गाडी घाटावर आल्यापासून जास्तच मंद झाली आहे. त्याच्या इंजिनाला टर्बो नाही. कागद काढून हिशेब केला. वर हवा थंड होते हे बरोबर, पण दाबही उतरतो. खामगावला ४४ अंशांना घनमीटरला १.०७ किलो, तर बुलढाण्याला ४० अंशांनाही १.०४. चार अंशांच्या थंडाव्याने जे मिळालं त्याहून जास्त साडेतीनशे मीटर उंचीने काढून घेतलं. माणसाला बरं वाटतं आणि इंजिनाला वाईट. त्या माणसाचं बूड गाडीच्या सीटवर फार तालीम झालेलं असणार, कारण तीन टक्के ओळखणं सोपं नाही.

टर्बोवाल्याचं बुलढाण्यात उलट होतं. दाबाची उणीव टर्बो भरून काढतो आणि हवा थंड मिळाल्याने नॉकिंग कमी, त्यामुळे बोथा घाटाने ज्ञानगंगा अभयारण्यातून वर आलेला माणूस खूश असतो. घाट चढताना मात्र दोघांचंही तेल तापतं. हळू वेग, मोठा भार, वारा कमी. तेलाचं तापमान दाखवणारा काटा या गाड्यांत बहुधा असतो आणि मालक सहसा तो बघत नाहीत. १०० ते ११० रोजचं. १३० दिसलं तर मी पाय हलका करायला सांगतो, कारण त्यापुढे तेल इतकं पातळ होतं की बेअरिंगवर थर टिकायची खात्री देता येत नाही.

या गाड्या बंद केल्यावरही काही मिनिटं पंखा आणि कूलंटचा इलेक्ट्रिक पंप चालू ठेवतात. टर्बो लाल झालेला असतो, त्यातलं तेल जागीच जळू नये म्हणून. हे माहीत नसल्याने होणारे प्रकार बघण्यासारखे असतात. एका लॉजच्या वॉचमनने रात्री मला फोन केला, "भाऊ, साहेब चाबी घेऊन झोपले, गाडी बंद हाये आन्‌ पंखा काही बंदच होऊन नाही रायला. बॅटरी काढू का?" काढू नको म्हणालो. तो फोनवर बोलत असतानाच पंखा थांबला आणि त्याने ते मला आनंदाने कळवलं.

पेट्रोलचा विषय निघाला की माणसं हमरीतुमरीवर येतात. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारच्या टाकीच्या झाकणावर ९८ ऑक्टेनची शिफारस असते. तालुक्याच्या पंपावर मिळतं ते साधं. साधं म्हणजे आता ई-२०, वीस टक्के इथेनॉल. याला शिव्या देणं ही सध्या फॅशन आहे, आणि त्यातल्या काही शिव्या योग्यही आहेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं. आणि जुन्या परदेशी गाडीच्या रबराच्या नळ्या-सील त्यासाठी बनलेल्या नसतात, ते मी हाताने चुरा होताना पाहिलं आहे. पण उन्हात नॉकिंगपुरतं बोलायचं तर इथेनॉल मित्र आहे. पूर्वीचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई-२० ची पातळी ९५ च्या घरात. वर, इथेनॉलची वाफ होताना ते जास्त उष्णता शोषून घेतं, त्यामुळे सिलिंडरमधली हवा थोडी थंड पडते. स्कॅनरवर मला स्पार्क मागे सरकण्याचे आकडे पूर्वीइतके वाईट दिसत नाहीत. हे मी ग्राहकांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे सरकारी माणूस असल्यासारखे बघतात.

खरा वाद होतो तो रीमॅपवरून. शहरात लॅपटॉप लावून ईसीयूचा प्रोग्राम बदलून देणारे आहेत. त्यात चांगली माणसंही आहेत, जी गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवून, उन्हाळ्याचं तापमान धरून, मोजून-मापून बदल करतात. पण मला विचारणाऱ्यांना ते नको असतं. त्यांना हवं असतं की उन्हात गाडी जी स्वतःला आवरते ते आवरणं काढून टाका. म्हणजे स्पार्क मागे न्यायचा नाही, बूस्ट उतरवायचा नाही. मी नाही म्हणतो. एकाने बाहेरून करून घेतलं. थंडीत त्याचे व्हिडिओ बघून माझ्याच पोऱ्याने माझी कीव केली. पुढच्या मेमध्ये ती गाडी क्रेनवरून आली, एका सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही. हेड उतरवलं. पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधली कड नखाएवढी तुटून गेलेली, आणि सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओरखडे. पिस्टनच्या माथ्यावर कडेला वाळूने घासल्यासारखी खरबरीत नक्षी होती. हातोडे बसल्याची खूण हीच. मालकाने तो पिस्टन हातात घेऊन बराच वेळ फिरवला आणि विचारलं, हा वॉरंटीत बसेल का?

उन्हाळा लागायच्या आधी काही जण आता आधीच फोन करतात. अक्षय तृतीयेला आमच्याच जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचं भाकीत येतं. हे लोक साधारण त्याच सुरात मला विचारतात की यंदा गाडीचं कसं राहील. मी भाकीत करत नाही. कूलंट किती जुनं ते विचारतो, कारण पाण्याची भर घालून घालून त्यातलं ग्लायकॉल संपलेलं असतं. झाकणाचं रबर बघून घ्या म्हणतो. दाब धरणारं झाकण असेल तर कूलंट सव्वाशेच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि झाकण गेलं की शंभराच्या थोडंच पुढे उकळायला लागतं. बंपरच्या आत बघायला सांगतो. टायरची हवा सकाळी थंड असताना तपासा, दुपारी तापलेल्या टायरमध्ये जास्त दिसली म्हणून सोडून देऊ नका. या रस्त्यावर हे हलक्यात घेऊ नये. १ जुलै २०२३ ला पिंपळखुट्याजवळ बस पेटून पंचवीस माणसं गेली, त्याचं कारण काहीही असो, ती जागा ओलांडताना इथला कुठलाही मेकॅनिक वेगाची बढाई ऐकून घेत नाही. मर्यादा १२० ची आहे. तेवढ्याला तुमच्या गाडीचे निम्मे घोडेही लागत नाहीत, तेव्हा दहा टक्के उन्हाने नेले तर गेलं काय?

आणि शेवटी सांगतो की पहाटे चारला नागपूर सोडा. हवा तेव्हा तिशीच्या आत-बाहेर असते, रस्त्याचं काँक्रीट रात्रीतून निवलेलं असतं, ऊन चढायच्या आत तुम्ही मेहकरच्या पुढे असाल आणि गाडी ब्रोशरमधल्यासारखी चालेल. सगळे हो म्हणतात. मग त्याच दिवशी दुपार कलताना फोन येतो, इंटरचेंजवर उभे आहोत, गाडी उचलत नाहीये. निघायला उशीर का झाला विचारलं तर कारण ठरलेलं : मुहूर्त साडेबाराचा होता, जेवल्याशिवाय कुणी सोडेना.